जुळ्या होडीची मोट

नाशकात आम्ही गोदावरीला गंगाच म्हणतो. जवळजवळ चाळीस वर्षे मी पहाटे गंगेवर गेलो, कमरेइतक्या पाण्यात उभा राहिलो, अर्घ्य दिले आणि ओल्या पंच्याने घरी परतलो. नदीशी माझा परिचय तेवढाच, कमरेपर्यंतचा होता. तिच्या पाठीवर बसून, काहीही न करता एखादा प्रहर घालवता येतो, हे मला पाठशाळेतून निवृत्त झाल्यावर कळले; आणि तेही माझ्या धाकट्या बहिणीच्या यजमानांमुळे.

भाऊजी नाशिक रोडच्या सरकारी छापखान्यात यंत्रांच्या देखभालीवर होते. आयुष्यभर त्यांनी गडगडाटात काम केले. निवृत्तीनंतर त्यांना ज्यात एकही चाक फिरत नाही असे काहीतरी हवे होते. ते त्यांना देवळालीला मिळाले. बदली होऊन चाललेल्या एका अधिकाऱ्याने आपली जुनी शिडाची होडी विकायला काढली होती. ही होडी आपल्या कोळ्यांच्या होडीसारखी नव्हती. दोन निमुळती, पोकळ होडकी हातभर उंच, एकमेकांपासून चार-पाच हात अंतरावर. ती दोन आडव्या नळ्यांनी जोडलेली, आणि मध्ये खाटेला नवार ताणावी तसे जाड कापड ताणलेले. त्या कापडावर बसायचे. वर डोलकाठी आणि शीड. धरणावरची मंडळी तिला कॅटमरान म्हणत. आमच्या घरी तिला जुळी होडी हे नाव पडले.

गंगापूर धरणाच्या फुगवट्यावर ती पाण्यात उतरवायची ठरली, तेव्हा पूजा सांगायला अर्थातच मला बोलावणे आले. मी संकल्प सोडला, हळदकुंकू वाहिले, नारळ वाढवला. मग तांबड्या तैलरंगाने स्वस्तिक काढायचे होते. बाहेरच्या बाजूंना काठाचे दगड घासतील, ऊन लागेल, म्हणून मी आतली बाजू निवडली. दोन होडक्यांच्या मधली ती अरुंद, सावलीची जागा मला गाभाऱ्यासारखी वाटली. दोन्ही भिंतींवर, बरोबर मध्यभागी, समोरासमोर दोन स्वस्तिके मी काढली. हात स्थिर होता. रेषा चांगल्या उतरल्या. ही निवड पुढे मला किती महागात पडणार आहे, याची त्या प्रसन्न सकाळी मला काय कल्पना असणार!

त्यानंतर आठवड्यातून दोनतीनदा आम्ही दोघे धरणावर जाऊ लागलो. सुकाणू भाऊजींच्या हाती असे. मी धोतराचा काचा मारून, वर पाण्यात तरंगवणारी नारिंगी फुगीर बंडी चढवून, कापडावर मांडी घालून बसे. सुरुवातीला मनात जप चाले. मग वारा पडला की जपही आपोआप मंद होई. पश्चिमेला त्र्यंबककडचे डोंगर निळ्या धुरासारखे उभे असत. उन्हाळ्यात पाणी उतरले की धरणाने पोटात घेतलेल्या जुन्या वस्तीच्या भिंतींचे दगड खाली अंधूक दिसत. एका ठिकाणी जात्याच्या खालच्या तळीसारखे काहीतरी गोल दिसे. आम्ही तिच्यावरून तरंगत जात असू. त्या घरात पूर्वी माणसे जेथे वर बघत असतील तेथे आता आम्ही आहोत, असे मला वाटे, आणि आपण कोणाच्या तरी स्वप्नातून चाललो आहोत असा भास होई. भाऊजी फारसे बोलत नसत. तेथे गेले की त्यांचा चेहरा लहान मुलाच्या झोपेतल्या चेहऱ्यासारखा होई.

त्यांच्या छातीवर आदल्या वर्षीच्या शस्त्रक्रियेची लांब खूण होती. त्या दुखण्यातून उठल्यावर माणूस पुन्हा हसायला लागला तो या होडीमुळे, हे माझी बहीण जाणून होती. म्हणूनच तिने कधी आडकाठी केली नव्हती.

होडी उलटली ती चैत्रात, दुपारच्या वाऱ्यात. बहीण त्या दिवशी सहज आमच्याबरोबर आली होती आणि काठावर बाभळीखाली बसली होती. पश्चिमेकडून एकदम झोत आला. माझ्या बाजूचे होडके पाण्यातून वर उठू लागले. क्षणभर मला ते फार सुंदर वाटले, कारण मी आभाळाकडे चाललो होतो. मग सगळे जग हळूच कुशीवर वळले. शीड पाण्यावर आडवे पसरले, आणि मी गार पाण्यात होतो.

अशी होडी बुडत नाही. ती आडवी पडून राहते: एक होडके पाण्यात कुशीवर, दुसरे वर आभाळात, आणि मधले कापड भिंतीसारखे उभे. तिला सुलटी करायची रीत सोपी आहे. वरच्या होडक्यावरून आलेला दोर धरायचा, खालच्या होडक्यावर उभे राहायचे आणि दोराला लटकून मागे रेलायचे. माणसांच्या भाराने शीड पाण्यातून सुटते आणि होडी उठते. पण त्यासाठी भार हवा. भाऊजी दुखण्याने वाळले होते, आणि मी जन्मापासूनच काटकुळा. आम्ही दोघे मिळून एका धडधाकट माणसाइतके भरत असू की नाही, कोण जाणे. त्या दिवशी घाबरून मी पाण्यातूनच दोराला लोंबकळत राहिलो. भाऊजी होडक्यावर चढून रेलले, पण होडी हललीसुद्धा नाही. शेवटी धरणावरची यांत्रिक बोट आली आणि त्यातल्या तीन तरुणांनी हसत हसत ती उभी केली. तोवर बराच वेळ गेला होता. बहीण काठावर उभी होती. तिने हाक मारली नव्हती, ती रडलीही नव्हती. तिच्या हातातला चहाचा पेला तसाच भरलेला होता.

घरी आल्यावर तिने शांतपणे सांगितले. मुंबईचे एक गृहस्थ ही होडी घ्यायला कधीपासून तयार होते. त्यांना तिसऱ्या रविवारी यायला सांगायचे. त्याच सकाळी आम्ही दोघांनी, कोणाच्याही मदतीवाचून, तिच्या डोळ्यांसमोर होडी मुद्दाम आडवी पाडून पुन्हा उभी करायची.

"उभी केलीत तर त्यांना चहा देईन आणि परत पाठवीन," ती म्हणाली. "नाही झाली, तर होडी त्यांच्याबरोबर जाईल. मला पुन्हा तसा पेला हातात धरून उभं राहायचं नाहीये."

भाऊजींनी पुढ्यातला भात कालवला आणि न खाताच ताट सारले. ते ताट मला अजून दिसते.

मी प्रथम वाळूच्या पोत्याचा विचार सांगितला. भाऊजी म्हणाले, वाळू दिवसभर बरोबर वाहावी लागेल, होडी जड होईल, आणि उलटताना पोते सुटले तर तळाशी जाईल. आम्ही दोघे त्यांच्या गच्चीवर बसलो होतो. भार हवा, पण तो एरवी नको. प्रसंग येईल तेव्हाच हवा. मला एकाएकी आमच्या दिंडोरीकडच्या शेतातली विहीर आठवली. विहिरीच्या काठावरचे कुरकुरणारे चाक, उतरत्या धावेवरून पुढे जाणारे आणि मग मागे सरकत येणारे बैल, आणि अंधाऱ्या पोटातून वर येणारी ती काळी, चकाकणारी चामड्याची मोट. रिकामी मोट खाली जाताना किती हलकी, लुळी दिसायची. वर यायची ती गाभण म्हशीसारखी.

"पाणी तर सगळीकडे आहे," मी म्हणालो. "आपण मोट शिवू."

भाऊजींनी खिशातली पेन्सिल काढून वर्तमानपत्राच्या कडेला रेघा मारायला सुरुवात केली.

मोट शिवणारे चांभार आता कोठे मिळणार? आम्ही दिंडोरी नाक्यापलीकडे, द्राक्षांच्या गाड्यांवर घालायच्या ताडपत्र्या शिवणाऱ्या एका कारागिराकडे गेलो. दुकानभर मेणकापडाचा वास होता. भाऊजींनी आकृती दाखवली: वरचे तोंड रुंद, ते उघडे राहावे म्हणून त्यात वेताचे कडे, बाजूंना दुहेरी शिवलेले पट्टे, आणि खाली मोटेसारखी सोंड, दोरीने मुडपून बांधता येईल अशी. काम झाले की ती सोडायची आणि पाणी वाहून जाऊ द्यायचे. कारागिराने कागद उलटसुलट करून पाहिला.

"चारा भरायचा का यात?"

आम्ही सांगितले की ही होडीसाठी आहे.

"बोटीला मोट?" त्याने सुई केसांत खोचली. "मंग बैल कुठं हायेत?"

"हे काय, दोन्ही तुमच्यासमोर उभे आहेत," भाऊजी म्हणाले.

तो इतका हसला की शेजारच्या दुकानातला माणूस बघायला आला. पण काम त्याने मन लावून केले. प्रत्येक पट्ट्यावर तीन शिवणी घातल्या. चार दिवसांनी पिशवी नेताना म्हणाला, बैल म्हातारे दिसतात, म्हणून शिवण जास्त घातली आहे.

पहिली परीक्षा आम्ही घेतली ती माझ्या अंगणात, आंब्याच्या फांदीला पिशवी टांगून. नळाने ती भरली. फांदी वाकली, आणि पिशवी गच्च भरून, पोट पुढे काढून, समाधानाने लोंबू लागली. मी तिला मनोमन नमस्कार केला. परंतु धरणावर, उथळ पाण्यात होडी आडवी पाडून आम्ही ती वापरायला गेलो, तेव्हा फजिती झाली. पाण्यात बुडवली की पिशवी क्षणात भरे आणि कापसासारखी हलकी लागे. वर ओढायला जावे तर ती पृष्ठभागापर्यंत गोगलगाईसारखी येई आणि तेथे जी अडे, ती अडेच.

"पाण्यात पाण्याचं ओझं नसतं, गुरुजी," भाऊजी दम घेत म्हणाले. घरी दारी सगळेच मला गुरुजी म्हणत, तेही म्हणत. "बाहेर काढलं की बघा. तुमच्या मोटेला चाक होतं, ते आपण विसरलो."

चाक म्हणजे कप्पी हवी होती. दोन वरच्या होडक्याला, दोन खाली पिशवीला, त्यांतून दोर फिरवला की ओढण्याचे कष्ट चौथाईवर येतात, असे त्यांनी मला काडीने वाळूत आकृती काढून समजावले. मला ते गणित पूर्ण समजले असे मी म्हणणार नाही. दुसऱ्याच दिवशी त्यांनी कोठून तरी चार कप्प्या आणल्या, लहान पण मजबूत, पितळी. कोठून आणल्या ते विचारावे असे मला सुचले नाही. संध्याकाळी बहिणीचा निरोप आला तेव्हा उलगडा झाला. त्यांच्या मागच्या खोलीत छताशी कपडे वाळत घालायच्या दांड्या होत्या, दोरीने वर ओढायच्या. त्या दांड्या जमिनीवर टेकून पडल्या होत्या आणि छताला नुसत्या कड्या होत्या. बहिणीने निरोपात एवढेच म्हटले होते की, दादा, तुझ्या यजमानांचे धोतर आज खुर्चीवर वाळले. भाऊजींवर रागावली की ती त्यांना 'तुझे यजमान' म्हणत असे; पूजा सांगणारा मी, पूजेला बसणारे ते.

कप्प्यांनी काम सोपे झाले. व्यवस्था अशी ठरली. डॉक्टरांनी भाऊजींना खांद्यावर भार घ्यायला मनाई केली होती. म्हणून पिशवी भरणे आणि कप्पीचा दोर ओढणे त्यांच्याकडे. वर आलेली पिशवी पाठीशी घेऊन, तिचा पट्टा खांद्यावर अडकवून, खालच्या होडक्यावर बरोबर मध्यभागी उभे राहायचे आणि मागे रेलायचे, ते माझ्याकडे. मध्यभागी असणे महत्त्वाचे होते. माणूस मागच्या टोकाकडे सरकला तर ते टोक दबते, पुढचे नाक उचलते, वारा उभ्या कापडात शिरतो आणि होडी गिरकी घेते. शीड काही पाण्यातून सुटत नाही.

आणि मध्यभागी माझे स्वस्तिक होते.

होडी आडवी होते तेव्हा खालच्या होडक्याची आतली बाजू वर येते. पाय ठेवायची जागा तीच. पाण्याने धुतलेले, लालभडक, मी स्वतः काढलेले, अक्षता वाहिलेले स्वस्तिक माझ्याकडे बघत होते. होडी डावीकडे पाडा की उजवीकडे, एक ना एक समोर येणारच होते. ती माझीच योजना होती.

पहाटे अंथरुणावरून उठल्यावर, भूमीवर पाऊल टाकण्याआधी मी तिची क्षमा मागतो. पुस्तकाला पाय लागला तर अजूनही हात डोळ्यांना जातो. हे संस्कार विचारांच्या खाली असतात. तेथे युक्तिवाद पोहोचत नाही. मी स्वस्तिक सोडून हातभर मागे उभा राहिलो. भाऊजी शिडाकडे बघत दोर ओढत होते, त्यांना माझे पाय दिसत नव्हते. पिशवी वर आली, माझ्या पाठीला गार टेकली. आम्ही रेललो. शिडाचे टोक पाण्यातून वीतभर उचलले आणि होडीने संथ गिरकी घेतली. शीड पुन्हा पाण्यावर निजले. तीन वेळा असे झाले. चौथ्या वेळी आमच्या अंगात बळ उरले नाही.

भाऊजींनी दोष स्वतःकडे घेतला. कप्पी घासते आहे, दोर जाड आहे, पिशवीची सोंड गळते आहे. घरी जाऊन त्यांनी सगळे सोडवले आणि पुन्हा जोडले. दुसऱ्या दिवशी गेलो. मी पुन्हा हातभर मागे. पुन्हा गिरकी. परतताना ते गाडीत म्हणाले की मुंबईचे गृहस्थ बरे वाटतात, होडी चांगल्या घरी पडेल. मग खिडकीबाहेर बघत राहिले. द्राक्षांच्या बागा छाटून मोकळ्या झाल्या होत्या, मैलोन्‌मैल नुसते खांब आणि तारा.

रविवारला तीन दिवस उरले होते. मी गंगेवर गेलो, अर्घ्य दिले, पण ओंजळीतले पाणी सोडताना चित्त ठिकाणावर नव्हते. एका वृद्ध माणसाचे उरलेले सुख माझ्या दोन पावलांपाशी अडले होते आणि मी ते त्याला सांगतही नव्हतो. सांगायची लाज वाटत होती. श्रद्धेची लाज नव्हती. ती लपवून ठेवली, त्याची होती. मी घरी न जाता ओल्या पंच्यानेच नाशिक रोडची बस धरली.

बहीण गच्चीवर कुरडया घालत होती. पांढऱ्या कापडावर ओल्या कुरडयांच्या रांगा होत्या आणि त्यांच्यामध्ये ती सोऱ्या घेऊन वाकली होती. भाऊजी सावलीत बसून कावळे हाकत होते. मी उभ्या उभ्याच सगळे सांगितले. कोठे उभा राहत होतो, का राहत होतो, आणि गिरकी का बसत होती.

भाऊजींनी हातातली काठी खाली ठेवली.

"दोन दिवस मी कप्प्या खोलून काढल्या, गुरुजी," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. थोडे हसू होते, आणि ते मला रागापेक्षा अधिक लागले. ते म्हणाले, खूण पुसून दुसरीकडे काढू, त्यात काय एवढे. पण पूजलेली खूण खरवडायची हे मला पायापेक्षाही जड होते, आणि ते मी बोललो.

बहिणीने सोऱ्या खाली ठेवला. हाताला लागलेला चीक तिने पदराला न पुसता तसाच वाळू दिला.

"दादा, आता कुठून आलास?"

मी म्हणालो, गंगेवरून.

"गंगेत उतरतोस तेव्हा आधी काय बुडतं?"

मी माझ्या पायांकडे पाहिले.

"चाळीस वर्षं तिच्यात आधी पाय घालतोस, मग ओंजळ. तिला चालतं. तुझ्या स्वस्तिकाला चालणार नाही?" ती पुन्हा वाकली. एक कुरडई घातली, दुसरी घातली. मग मान वर न करता म्हणाली, "मला ती होडी नकोच आहे, हे तुम्हा दोघांना माहीत आहे. पण असे पाय आखडून हरलात, तर ते हरणं मी मोजणार नाही."

मी आयुष्यभर शास्त्र शिकवले. शंका, समाधान, पूर्वपक्ष, उत्तरपक्ष. माझी बहीण पाठशाळेची पायरी कधी चढली नव्हती. त्या गच्चीवर, ओल्या पंच्यात, मी भाऊजींनी ठेवलेली काठी उचलली. आणि कावळे हाकायला बसलो.

रविवारी सकाळी वारा उशिरा उठला. पाणी काचेसारखे होते आणि डोंगर त्यात उलटे निजले होते. बाभळीखाली सतरंजी अंथरून बहीण बसली होती, शेजारी चहाचा थर्मास. मुंबईचे गृहस्थ, एक गोरे, अबोल पारशी वृद्ध, टोपी काढून अदबीने सतरंजीच्या दुसऱ्या टोकाला बसले होते. यांत्रिक बोटीतल्या तरुणांना बहिणीने आधीच बजावले होते की कोणी बुडताना दिसल्याखेरीज हलायचे नाही.

दहाच्या सुमारास पाण्यावर पहिला शहारा आला. आम्ही शीड चढवले, मध्यावर गेलो. भाऊजींनी माझ्याकडे पाहिले, मी मान हलवली, आणि आम्ही दोघे मुद्दाम एकाच बाजूला सरकलो. जग पुन्हा हळूच कुशीवर वळले. या वेळी मला त्याची ओळख होती.

भाऊजींनी होडीचे नाक वाऱ्याकडे आणले. मी खालच्या होडक्यावर चढलो. स्वस्तिक पाण्याखाली दोन बोटे होते. लहान लाटा येत तशा त्याच्या रेषा वाकत, पुन्हा सरळ होत. मी वाकून दोन्ही हातांनी त्याला स्पर्श केला, डोळ्यांना लावला, रोज पहाटे भूमीची मागतो तशी क्षमा मागितली. मग उजवे पाऊल ठेवले. मग डावे. रंगाचा थर तळव्यांना किंचित खडबडीत लागला. एवढेच. दुसरे काही झाले नाही. पाणी गार होते आणि पाय माझेच होते.

मागे कप्प्या कुरकुरल्या. तो आवाज आमच्या विहिरीवरचा होता. पिशवीचे गार, जड पोट माझ्या पाठीला हळूच येऊन टेकले, लहानपणी आजारात आईची पाठ टेकावी तसे. मी पट्टा खांद्यावर घेतला. भाऊजी शेजारी येऊन उभे राहिले. आम्ही दोघे दोर धरून मागे रेललो, इतके की डोक्यावर नुसते आभाळ उरले.

बराच वेळ काहीच झाले नाही. पिशवीतून पाण्याचे थेंब टपटपत होते. भाऊजींचा श्वास ऐकू येत होता आणि मी तो मोजत होतो, कारण मला त्यांच्या छातीची काळजी वाटत होती. मग दूर कोठेतरी, शिडाच्या टोकाशी, पाण्याने आपली मूठ सोडली. ओले शीड वर येऊ लागले. त्यावरून पाणी पडद्यासारखे ओघळत होते, त्यात ऊन अडकले होते, आणि डोलकाठी संथपणे, जणू झोपेतून उठणारे कोणी कूस बदलते आहे अशी, आभाळात चढत गेली. होडीने गिरकी घेतली नाही.

वरचे होडके खाली येते तेव्हा उभे राहणाऱ्याने पाण्यात जायचे असते. मी गेलो. कानांत हिरवा गुंजारव भरला. वर आलो तेव्हा मला कोठे आहे ते क्षणभर समजले नाही. डोक्यावर ताणलेले कापड होते आणि त्यातून चाळणीतून यावा तसा उजेड पडत होता. डाव्या हाताला पांढरी भिंत, उजव्या हाताला पांढरी भिंत. दोन्ही भिंतींवर लाल स्वस्तिके, एक ओले, चमकणारे, नुकतेच पाऊल उठलेले; दुसरे कोरडे. मध्ये पाणी, आणि पाण्यात मी. ही जागा गाभाऱ्यासारखी म्हणून मी निवडली होती. तिच्या आत मात्र मी तोपर्यंत कधी गेलो नव्हतो. तेथे किती वेळ राहिलो ते सांगता येत नाही. मी काही म्हणतही नव्हतो. माझ्या हनुवटीशी लहान लाटा येऊन फुटत होत्या.

"गुरुजी!" वरून भाऊजींचा आवाज आला. ते कापडावर पालथे पडून खाली डोकावत होते. "आहात ना?"

"आहे," मी म्हणालो.

काठाला लागलो तेव्हा बहिणीने पारशी गृहस्थांना चहा ओतून दिला होता. ते उठून भाऊजींपाशी आले, त्यांचा ओला हात दोन्ही हातांत घेतला आणि होडीविषयी एक शब्दही न काढता पिशवी पाहायला मागितली. तिची सोंड, वेताचे कडे, तिहेरी शिवण त्यांनी बोटे फिरवून पाहिली. हे कोणाच्या डोक्यातून निघाले, असे विचारले. भाऊजींनी माझ्याकडे बोट दाखवले. मी विहिरीचे सांगितले. त्यांना मोट माहीत नव्हती. मग बाभळीखाली बसून आम्ही दोघांनी ती त्यांना वाळूत काढून दाखवली, बैलांसकट.

बहीण सतरंजी झटकत होती. मी जवळ गेलो तेव्हा तिने माझ्या पायांकडे एकदा पाहिले आणि एवढेच विचारले की दांड्यांच्या कप्प्या कधी परत मिळणार.

त्या कधीच मिळाल्या नाहीत. भाऊजींनी दांड्यांना दुसऱ्या बसवून दिल्या. पितळी चार होडीवरच राहिल्या, आणि धरणावरून आलो की ओली पिशवी त्याच दांडीवर, कपड्यांच्या शेजारी, सोंड खाली सोडून वाळत घातली जाई. पुढची सात-आठ वर्षे आम्ही गेलो. होडी आणखी कितीदा तरी उलटली, आणि प्रत्येक वेळी उठली. बहीण काठावर येऊन बसायची हळूहळू बंद झाली. घरी बसून ती भाजी निवडी, आणि आम्हाला उशीर झाला तर एवढेच म्हणे की मोट भरत असतील.

दरवर्षी पाडव्याला मी होडीची पूजा करी. पायांनी झिजलेली स्वस्तिके तांबड्या रंगाने पुन्हा काढी. जागा मी कधी बदलली नाही.